कारण सापडत नाही, म्हणून आजारच नाही?

ताई,

मी 38 वर्षांची आहे. नोकरी करते, घरात नवरा आणि दोन मुलं. तसं पाहिलं तर कशाचीच ददात नाही. घरात कुणी गेलेलं नाही, पैशाची चणचण नाही, नवऱ्याशी भांडण नाही. तरी गेले तीन-चार महिने आतलं काहीतरी विझल्यासारखं झालंय. मी रडत नाही. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. पहाटे साडेतीनला टक्क जाग येते, मग झोप लागत नाही. सकाळी अंगावर दगड ठेवल्यासारखं वाटतं. संध्याकाळपर्यंत जरा बरं वाटू लागतं, म्हणून मी नाटक तर करत नाही ना, असा माझा मलाच संशय येतो. मशीनमध्ये धुतलेले कपडे वाळत घालायचे राहतात, कुबट वास मारायला लागतात, मग पुन्हा धुते. या आठवड्यात तेच कपडे तीनदा धुतले. बहिणीचा फोन आला की स्क्रीनकडे बघत बसते, वाजायचा थांबला की सुटल्यासारखं वाटतं. मुलगी चित्र दाखवायला आली तर ‘छान’ म्हणते, पण आत काही हलत नाही. नवरा म्हणतो, सुट्टी काढ, कुठेतरी लांब फिरून येऊ. बहीण म्हणते, तुला कमी काय आहे? मलाही तेच वाटतं. लोकांची केवढाली दुःखं असतात! डॉक्टरकडे जाऊन सांगू तरी काय? आणि त्या गोळ्या एकदा सुरू झाल्या की सुटत नाहीत म्हणतात. कधी कधी वाटतं, सकाळी जाग आलीच नाही तर किती बरं. पण मी तसं काही करणार नाही, मुलं आहेत. हे डिप्रेशन आहे की माझा आळस?

— म.

प्रिय म.,

तुमच्या पत्राच्या शेवटाकडूनच सुरुवात करते. ‘सकाळी जाग आलीच नाही तर किती बरं’ हे तुम्ही जाता जाता लिहिलंत आणि लगेच ‘मी तसं काही करणार नाही’ म्हणून त्यावर झाकण ठेवलंत. ते झाकण मला काढू द्या. मरणाचा विचार बहुधा असाच दबक्या पावलांनी येतो. आधी ‘उठलेच नाही तर’, मग ‘मी नसले तर सगळ्यांचं सोपं होईल’. पुष्कळांच्या बाबतीत तो पहिल्या पायरीवरच थांबतो, पण ती पहिली पायरीसुद्धा डॉक्टरांना सांगण्यासारखी आहे. म्हणून सरळच विचारते. जीव द्यावा असं मनात येतं का? कसा, कधी, इथपर्यंत विचार गेला आहे का? असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे. विचारल्यावर माणसाला बहुतेक वेळा सुटका झाल्यासारखंच वाटतं.

उत्तर ‘हो’ असेल, किंवा पुढे कधी ‘हो’ झालं, तर हे वाचत बसू नका. नवऱ्याला उठवा, एकट्या राहू नका, घरातली औषधं त्यांच्या ताब्यात द्या आणि जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. भारतात असाल तर ‘टेली-मानस’ या सरकारी हेल्पलाइनचा नंबर 14416 आहे. चोवीस तास चालू असते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

आता आळसाचं. आळशी माणूस कपडे मशीनमध्ये तसेच टाकून झोपतो आणि त्याला छान झोप लागते. आळसात सुख असतं, म्हणून तर माणूस आळस करतो. तुम्हाला त्यात तिळमात्र सुख नाही. तुम्ही साडेतीन वाजता जाग्या आहात, त्याच कपड्यांचा विचार करताय आणि स्वतःला बोल लावताय. याला आळस म्हणत नाहीत.

पत्रावरून निदान करता येत नाही, ते मी करणारही नाही. पण तुमचं पत्र वाचताना मी पेन्सिलने खुणा करत गेले. डिप्रेशन ओळखताना डॉक्टर साधारण नऊ लक्षणं पाहतात. मन सतत उदास असणं. कशातच रस न उरणं. झोप बिघडणं किंवा अतोनात वाढणं. भूक आणि वजन बदलणं. सतत थकवा. हालचाल, बोलणं मंदावणं किंवा उलट एका जागी स्वस्थ बसता न येणं. लक्ष न लागणं, साधा निर्णयही घेता न येणं. आपण कुचकामी आहोत, अपराधी आहोत असं वाटत राहणं. आणि मरणाचे विचार. यातली किमान पाच, रोज नाही तरी जवळपास रोज, दोन आठवडे टिकली, त्याने रोजचं जगणं अडू लागलं, आणि त्यात पहिल्या दोनांपैकी एक असेल, तर ते नुसतं ‘मन लागत नाही’ एवढ्यावर थांबत नाही. पहिल्या दोनांपैकी *एक*. म्हणजे उदास वाटायलाच हवं, रडू यायलाच हवं, अशी अट नाही. तुमच्या पत्रात उदासी फारशी दिसतच नाही. मुलीचं चित्र दिसतं. चित्र चांगलं आहे हे तुम्हाला कळतं, ‘छान’ हा शब्दही तोंडातून निघतो, आणि त्या शब्दाच्या मागे जे उमलायला हवं ते उमलत नाही. माझ्या पेन्सिलची सगळ्यात जाड खूण तिथे आहे.

दोन आठवड्यांचा हिशेब होता. तुम्ही तीन-चार महिने काढलेत.

‘पीएचक्यू-9’ नावाची एक साधी प्रश्नावली आहे, डॉक्टर सर्रास वापरतात. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 3 गुण, एकूण 27. बेरीज 10 किंवा त्याहून जास्त आली तर डॉक्टरांनी नीट तपासावं असा संकेत आहे. तिचा नववा प्रश्न जवळपास तुमचंच वाक्य आहे: मेलेलं बरं, असं वाटतं का? जे तुम्ही लाजत, जाता जाता लिहिलंत ते इतक्या लोकांच्या मनात येतं की प्रश्नावलीत त्याला स्वतंत्र जागा द्यावी लागली.

आणि संध्याकाळी बरं वाटतं म्हणून तुम्हाला स्वतःचा संशय येतो, हे वाचून मला फार वाईट वाटलं. पहाटे अवेळी जाग येणं, सकाळी सगळ्यात जड वाटणं आणि दिवस कलताना थोडं हलकं होणं, ही जोडी डॉक्टरांच्या चांगल्या ओळखीची आहे. डिप्रेशनच्या एका ठळक प्रकाराची ती खूणच मानतात. ज्याला तुम्ही खोटेपणाचा पुरावा समजत होतात, तो आजाराकडे बोट दाखवणारा पुरावा आहे. डॉक्टरांना ही गोष्ट आवर्जून सांगा.

आता ‘तुला कमी काय आहे’ याबद्दल. माझे वडील निवृत्त झाले त्या वर्षी त्यांनी शब्दकोडं सोडवणं सोडलं. तीस वर्षांची सवय. वर्तमानपत्र घडी न मोडता टेबलावर पडून राहायचं, पेनाचं टोपण तसंच लावलेलं. आम्ही म्हणायचो, निवृत्तीनंतर असं व्हायचंच. ते पाठदुखी आणि पोटाच्या तक्रारी सांगायचे, आम्ही पाठीची आणि पोटाची औषधं आणायचो. उदास वाटतं असं ते एकदाही म्हणाले नाहीत. पुष्कळ पुरुष म्हणत नाहीत. त्यांच्यात हा आजार चिडचिड होऊन किंवा अंगदुखी होऊन बाहेर पडतो. वर्षभराने एका डॉक्टरांनी त्यांना विचारलं, ‘शेवटचं मन कशात रमलं होतं, आठवतं का?’ वडील बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले. त्यांना आठवेना. उपचार सुरू झाल्यावर सातव्या आठवड्यात एका सकाळी आतल्या खोलीतून आवाज आला, ‘पाच अक्षरी, शेवटचं अक्षर र, काय असेल गं?’ मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिले.

हे सांगते अशासाठी की त्यांच्याकडे कारण होतं, तुमच्याकडे नाही, आणि दोघांची अडचण एकच झाली. कारण असलं की लोक म्हणतात, ‘असं झाल्यावर वाटणारच.’ कारण नसलं की म्हणतात, ‘उगाच काय?’ दोन्हीकडून उपचार राहतो. ताप आलेल्या माणसाला आपण आधी थर्मामीटर लावतो; ताप यायचा हक्क आहे का, हे विचारत नाही. इथेही तसंच व्हायला हवं. लक्षणं किती, किती दिवस, त्यांनी रोजचं जगणं किती अडवलं, एवढंच मोजायचं. कारणं असतात, पण ती नेहमी बाहेरून दिसतात असं नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासातून दिसलंय की या आजाराच्या शक्यतेत एक तृतीयांशाहून थोडा जास्त वाटा आनुवंशिकतेचा असतो. थायरॉइड मंदावलं, रक्त कमी झालं, बी-12 जीवनसत्त्व घटलं तरी हुबेहूब असंच वाटू शकतं. काही औषधांनीही वाटतं. जुना, साचलेला ताण तर असतोच. आणि दुसऱ्याचं दुःख मोठं म्हणून तुमचा आजार लहान होत नाही. पाय मोडलेला माणूस शेजारी असला म्हणून कुणाचा दमा थांबत नाही.

डॉक्टरांना काय सांगू, हा प्रश्न मला तुमच्या पत्रात सर्वांत खरा वाटला. समोर बसलं की शब्द फुटत नाहीत आणि ‘थोडं थकल्यासारखं वाटतं’ एवढंच तोंडून निघतं. मग एक टॉनिक मिळतं आणि माणूस परत येतो. म्हणून चिठ्ठी न्या आणि ती वाचून दाखवा. पाठ करायची गरज नाही, लाजायचीही नाही. अशी: ‘चार महिने कशातच रस नाही. पहाटे साडेतीनला जाग येते. सकाळी सगळ्यात वाईट, संध्याकाळी जरा बरं. साधी कामं होत नाहीत, तेच कपडे तीनदा धुते. स्वतःबद्दल अपराधी वाटतं. सकाळी जाग येऊ नये असं वाटतं.’ शेवटचं वाक्य गाळू नका. भूक, वजन, पाळी यांत बदल असेल, दुसरी काही औषधं चालू असतील, तर तेही लिहा. आणखी एक: आयुष्यात कधी याच्या अगदी उलट दिवस आले होते का? झोप जेमतेम, तरी अंगात उधाण, बोलणं थांबत नाही, वारेमाप खर्च? आले असतील तर सांगायलाच हवं, कारण असे दोन्ही टोकांचे दिवस येतात त्या ‘बायपोलर’ आजाराचे उपचार वेगळे असतात आणि डिप्रेशनची नुसती गोळी त्यात उलटू शकते.

सुरुवात नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांपासून केली तरी चालेल. ते रक्ततपासण्या करतील आणि पुढे मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतील. मानसोपचारतज्ज्ञ हे औषध देऊ शकणारे डॉक्टर. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलण्यातून उपचार करतात. आजार सौम्य किंवा मध्यम असेल तर बोलण्याच्या उपचारांनी औषधाइतकाच गुण येऊ शकतो. तीव्र असेल तर दोन्ही मिळून करणं चांगलं. तुमच्यासाठी काय योग्य, ते तपासणारे ठरवतील.

गोळ्यांची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. डिप्रेशनच्या आजच्या नेहमीच्या गोळ्या झोपेच्या किंवा नशेच्या गोळ्यांसारख्या नसतात. त्यांची तलफ येत नाही, डोस वाढवत न्यावा लागत नाही. मग ‘सुटत नाहीत’ हे कुठून आलं? गोळी मनाने एकदम बंद केली की चक्कर येते, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होतं, झोप उडते. लोक घाबरून पुन्हा सुरू करतात आणि म्हणतात, बघा, सवय लागली. त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू कमी करत सोडायच्या असतात. बहुतेकांना ते जमतं, काहींना त्यात महिनेही लागतात, हे मी लपवत नाही. बरं वाटू लागल्यावरही साधारण सहा महिने तरी गोळी चालू ठेवायला सांगतात, नाहीतर आजार उलटायची शक्यता जास्त. पहिल्या खेपेला आयुष्यभर गोळी घ्या, असं सहसा कुणी सांगत नाही.

सर्वांत कठीण असतात ते पहिले दोन आठवडे, कारण त्रास आधी येतो आणि गुण नंतर. मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थता पहिल्याच दिवसांत; फरक जाणवायला दोन ते चार आठवडे, पुरता गुण यायला सहा-आठही. याच टप्प्यावर किती जण गोळी सोडून देतात! आधी माहीत असलं तर तग धरता येतो. पहिलं औषध सगळ्यांना लागू पडतंच असं नाही, कधी बदलावं लागतं; त्याचा अर्थ ‘माझ्यावर काहीच चालणार नाही’ असा करून घेऊ नका. लैंगिक इच्छा कमी होण्याचा त्रास काहींना होतो, तो संकोच न करता सांगा, त्यावर उपाय असतात. सुरुवातीच्या दिवसांत बेचैनी किंवा मरणाचे विचार वाढले तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी फोन करायचा. पंचविशीच्या आतल्या मुलांच्या बाबतीत यावर जास्तच लक्ष ठेवावं लागतं.

‘मन खंबीर कर’ म्हणणाऱ्यांसाठी एक जुनी गोष्ट. 1952 च्या सुमारास आयप्रोनियाझिड नावाचं औषध क्षयाच्या रुग्णांवर वापरलं जात होतं. त्यातले काही रुग्ण औषधाने अनपेक्षितपणे उत्साही झाले. ते रुग्णालयातच होते, त्यांची परिस्थिती होती तशीच होती. 1957 मध्ये हेच औषध डिप्रेशनसाठी वापरलं गेलं आणि या आजारावरच्या पहिल्या औषधांपैकी एक ठरलं. पुढे यकृताला त्रास होतो म्हणून ते मागे पडलं, आज त्याहून सुरक्षित औषधं आहेत. पण त्या माणसांचं मन त्या काळात अचानक खंबीर झालं नव्हतं. शरीरात काहीतरी बदललं होतं.

आता रोजच्या दिवसाचं. आपल्याला वाटतं, आधी मन लागेल, मग हात चालतील. या आजारात ते उलटं असतं. पीटर लेविन्सन या मानसशास्त्रज्ञांनी 1970 च्या दशकात हे चक्र मांडलं: माणूस कामं आणि माणसं टाळतो, त्यामुळे चांगलं वाटण्याच्या जागा कमी होतात, त्यामुळे आणखी खचतो, मग आणखी टाळतो. बहिणीचा फोन वाजायचा थांबला की जी सुटका वाटते ना, ती या चक्राची किल्ली आहे. ती सुटका खरी असते, पण तासाभरात उतरते आणि मागे अपराधीपणा ठेवून जाते. चक्र मोडायचं ते हाताच्या बाजूने, तेही अगदी लहान कामाने.

उद्या सगळे कपडे वाळत घालू नका. चार घाला. संध्याकाळी सहाला, कारण तुमची ती वेळ बरी असते. करण्याआधी मन कसं आहे त्याला दहापैकी गुण द्या, केल्यावर पुन्हा द्या, आणि कागदावर लिहून ठेवा. तीनाचे साडेतीन झाले तरी लिहा. तीनाचे तीनच राहिले तरी लिहा. हे लिहून ठेवणं महत्त्वाचं, कारण आजार आठवणीतही खोट करतो. रविवारी तुम्हाला खात्रीने वाटेल की अख्ख्या आठवड्यात काहीच झालं नाही, आणि कागद सांगेल की बुधवारी चार कपडे आणि एक फोन झाला होता. परवा पुन्हा चारच. पाच करायची घाई नको. सकाळच्या उजेडात दहा मिनिटं चालता आलं तर फार चांगलं, नाही जमलं तर दारापर्यंत जाऊन या.

नवऱ्याचा फिरायला जाण्याचा विचार प्रेमाचा आहे, पण आत्ता लांबचा प्रवास नको. छान जागी उभं राहूनही आत काही हलत नाही हे कळलं की माणूस जास्त खचतो. नोकरी सोडणं, घर बदलणं असे मोठे निर्णयही पुढे ढकला. दारू घेत असाल तर बंद. ती मन आणि झोप दोन्ही बिघडवते.

पहाटे साडेतीनला मात्र एक नियम पाळा: त्या वेळी आयुष्याचा हिशेब मांडायचा नाही. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात बसा, डोळे जड झाले की परत या. घड्याळाकडे आणि मोबाइलकडे बघू नका. त्या वेळचे विचार फार पटणारे असतात. आरोन बेक या मानसोपचारतज्ज्ञांनी 1960 च्या दशकात आपल्या रुग्णांमध्ये हेच टिपलं: आपोआप उमटणारे विचार, स्वतःबद्दल, जगाबद्दल आणि पुढच्या काळाबद्दल, तिन्हीकडे काळे. ‘मी नाटक करते’ हा तसलाच विचार. त्यातून पुढे विचार आणि वागणं दोन्हींवर काम करणारी जी उपचारपद्धती घडली तिला आज सीबीटी म्हणतात. त्यात तुम्हाला कुणी ‘सकारात्मक विचार करा’ सांगत नाही. विचार समोर ठेवून, याला पुरावा काय, एवढं विचारायला शिकवतात.

घरच्यांना थोडं सांगावं लागेल. बहिणीला एक मेसेज पुरे: ‘सध्या फोन घेता येत नाही, मेसेज कर, उत्तर उशिरा येईल, पण मला तू हवी आहेस.’ मुलांना कळलेलं असतं, आपण न सांगितलं तरी. न सांगितलेल्या गोष्टीचा दोष ती स्वतःकडे घेतात. म्हणून त्यांना स्पष्ट सांगा: आईला बरं नाहीये, डॉक्टर बघणार आहेत, आणि हे तुमच्यामुळे झालेलं नाही. मुलीला ‘छान’ म्हणता येतंय तोवर म्हणत राहा. त्यात खोटं काही नाही. तुम्ही तिच्यासाठी ती जागा धरून ठेवली आहे.

आणि नवऱ्याला हे पत्रच वाचायला द्या. त्यांना माझी विनंती: तिला काय हवंय ते विचारत बसू नका, तिला ते सांगता येणार नाही. डॉक्टरांची वेळ तुम्ही घ्या, या आठवड्यातली. सोबत जा, बाहेर थांबा, तिने बोलावलं तर आत बसा. उपाय सुचवण्याआधी ऐका. आणि जाग न येण्याबद्दल तिने लिहिलंय, ते तिच्या तोंडून आज ऐकून घ्या, मध्ये न बोलता.

दोन आठवड्यांनी मला लिहा. पत्र नको, एक ओळ चालेल. मशीनमध्ये आत्ता कपडे असतील तर आजची रात्र राहू द्या तसेच. आज फक्त ते बोलणं करा.

तुमची,
ताई